पांढरं दिसलं

पांढरं म्हणजे चांगलं नव्हे, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, किट्वेच्या भर बाजारात, एका बिनलग्नाच्या पोरीनं सांगितलं. दुपार होती. मी गाळ्यात चितेंग्यांच्या, बायका कमरेला गुंडाळतात त्या रंगीत कापडांच्या, घड्या घालत होते आणि ती समोर येऊन उभी राहिली. पांढरा गणवेश, पांढरे बूट, बुटांवर लाल माती. दवाखान्यापासून चिसोकोने बाजारापर्यंत ही चालत आली, हे त्या मातीवरून कळलं. मलामा तिचं नाव. मी तिला ओळखत होते, आणि ओळखत होते म्हणूनच मान वर केली नाही. "नाम्पुंडू," ती म्हणाली, "चोला कुठे आहेत?" मला या गावात नावानं कुणी हाक मारत नाही. जुळ्यांच्या आईला आम्ही नाम्पुंडू म्हणतो, आणि माझ्या जुळ्यांना आता बेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून आईबापांनी ठेवलेलं माझं नाव कुठल्या गाठोड्यात पडलंय ते मलाच ठाऊक नाही. चोला जुळ्यांच्या पाठची, माझी धाकटी. "नवऱ्याच्या घरी, सोलवेझीला," मी म्हटलं. "लग्न झालेली बाई दुसरी कुठे असणार? तुझं होईल तेव्हा कळेल तुला." शेजारची टोमॅटोवाली खिदळली. पोर हसली नाही, रागावलीही नाही. "जरा बाजूला याल का?" म्हणाली. "इथेच बोल. माझ्या गाळ्यात झाकून ठेवण्यासारखं काही नाही." तिनं टोमॅटोवालीकडे पाहिलं. मग मीच म्हटलं, "तिच्या आत तू पाहिलंस, ते का? सांगितलंय लेकीनं मला. पांढरं दिसलं ना? मग झालं तर." पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "तुम्हाला माहीत होतं? आणि तरी तुम्ही त्यांना पाठवलंत?" "पांढरं दिसलं म्हणूनच पाठवलं!" मी म्हटलं. तेव्हा ती वाकली, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि त्या टोमॅटोवालीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "नाम्पुंडू, आमच्याकडे पांढरं वाईट असतं." माझ्या हातातलं कापड अर्ध्या घडीत राहिलं. निळं, मोरांचं. ते अजून तसंच अर्ध्या घडीत आहे.

आज शुक्रवार आहे. मी त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर बसले आहे आणि समोरच्या हिरव्या दाराआड माझी चोला पाय दुमडून आडवी झाली आहे. नवऱ्याखेरीज कुणापुढे असं आडवं व्हायचं नाही, हे चाळीस वर्षं पोरींना शिकवणाऱ्या बाईची लेक. दाराच्या फटीतून व्हिनेगरचा वास येतो. कोबीच्या कोशिंबिरीवर शिंपडतात तेच. लग्नाच्या जेवणात पातेली भरभरून कोबी मी स्वतः कालवलाय, बोटं दोन-दोन दिवस आंबट वास मारायची, आणि हेच पाणी बाईच्या आत लावून तिचं मरण ओळखता येतं हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी त्याच्या डोक्यात कालथा घातला असता. बाकावर माझ्याशिवाय सहाजणी आहेत. त्यातल्या दोघी मला बघून गुडघे टेकून टाळ्या वाजवत नमस्कार करायला उठल्या, मी हातानंच बसा म्हटलं. दोघी माझ्याच हाताखालच्या. एकीला शिकवलं तेव्हा तिला चुलीवर मक्याच्या पिठाची न्शिमा घोटता येत नव्हती, सगळ्या गाठी. दुसरी लाजायची इतकी, की तिला नाच शिकवताना आम्ही खोलीतला दिवा झाकून ठेवला होता. दोघी मला इथे बघून चक्रावल्या आहेत. चक्रावू देत. मीच कुठे सरळ आहे.

नाचिम्बुसा आहे मी. नवरीला बाई करणारी. शाळेत मी दोन इयत्ता गेले, तिसरीत बापानं घरी बसवलं, पण माझ्यापुढे बँकेतल्या पोरी बसतात, वकिलीण बसते, एकदा तर एका मंत्र्याची भाची बसली होती, चटईवर, पाय सरळ, डोळे खाली. शिकवायला मला पुस्तक लागत नाही. रंग लागतात. लाल मणी पलंगाच्या खिळ्याला टांगले की नवऱ्यानं समजायचं, आज भिंतीकडे तोंड करून झोपायचं. पांढरे टांगले की समजायचं, अंगण झाडलंय, दार उघडंय. एक शब्द बोलावा लागत नाही, लाज जात नाही, भांडण होत नाही. माझ्या आईला हे दुसऱ्या बाईनं शिकवलं आणि मलाही दुसऱ्याच बाईनं, आईनं नव्हे. कारण स्वतःच्या लेकीशी कमरेखालचं बोलायचं नसतं. हा आमचा नियम. मी शेकडो पोरींना त्यांच्याच शरीराची वाट दाखवली आणि माझ्या चोलाला दाखवली शेजारच्या मपेपोच्या आईनं, कारण मी आई. चोलाच्या कमरेला पहिले मणी बांधले जात होते तेव्हा मी शेजारच्या अंगणात कोंबड्या सोलत होते. तिच्या ओरडण्याचा, हसण्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता आणि मला मेलीला मधेच उठून जाऊन बघावंसं वाटत होतं. उठले नाही. नियम तो नियम.

म्हणून त्या संध्याकाळी ती चुलीशी आली तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. माझा गुडघा धरला होता म्हणून ती सोलवेझीहून मला बघायला आली होती. सहा आठवडे माझ्याकडेच. मी न्शिमा घोटत होते. ती पातेल्याकडे बघत म्हणाली, "मायो, आज दवाखान्यात गेले होते. सिस्टरनं आत पाहिलं. व्हिनेगर लावून." मी कालथा फिरवत राहिले. आई आणि लेक, आणि मधे हे बोलणं. माझे कान गरम झाले. ती पुढे म्हणाली, "पांढरं दिसलं म्हणाली." आणि माझा जीव असा भांड्यात पडला! पांढरं. माझ्या लेकीच्या आत पांढरं. तिनं पुढे काहीतरी सुरू केलं, "आणि मायो, सहा आठवडे..." मी तिला बोलू दिलं नाही. "झाले ना सहा आठवडे," मी म्हटलं, "पुरे झाले. माझा गुडघा काही तुझा नवरा नाही. जा आता लोम्बेकडे." ती तिथेच उभी राहिली. मी उठले, पेटीतून पांढऱ्या मण्यांची माळ काढली, आणि नियम मोडून, आई असून, तिच्या कमरेला माझ्या हातानं बांधली. आनंद झाला होता मला. तिच्या पोटावर माझी बोटं लागली तेव्हा ती शहारली; मला वाटलं गुदगुल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी एक कोंबडा, एक पिशवी भुईमूग, आणि तिला बसमध्ये बसवलं. खिडकीतून ती माझ्याकडे बघत होती. आता मी ती नजर पुन्हापुन्हा काढून बघते, जसं जुनं चितेंगे पेटीतून काढून कसर लागली का बघतात तसं. तिला ठाऊक होतं. दवाखान्यात तिला सगळं नीट सांगितलं होतं. पण पांढरं म्हणजे चांगलं असं नाम्पुंडूनं म्हटल्यावर, सिस्टर चुकली असेल असं मानणं किती सोपं. भ्यालेल्या माणसाला असं कुणीतरी हवंच असतं. मी झाले.

तो पांढरा डाग जाळायला तिला त्याच दिवशी टेबलावर ठेवता आलं असतं. पण वीज गेली होती, आणि यंत्रातली बॅटरीही संपलेली. शुक्रवारी या, सांगितलं. तो शुक्रवार गेला, पुढचा गेला, त्याच्या पुढचाही. हे सगळं मलामानं मला बाजारात सांगितलं, गाळ्यामागच्या पोत्यांवर बसून. मी विचारलं, "दवाखान्यात इतक्या बायका येतात, तू अशी प्रत्येकीच्या मागे फिरतेस?" म्हणाली, "ज्या परत येत नाहीत त्यांच्या. बुधवारी दुपारनंतर माझी सुट्टी असते." सुट्टी असते! या वयाच्या पोरी सुट्टीला केस विणून घेतात, मैत्रिणींबरोबर काळ्या डोंगराकडे फोटो काढायला जातात. ही बूट मळवत घराघरातून हिंडते, आणि कुठल्या दारी काय ऐकून घेते ते मला विचारू नका, कारण एका दारी मीच होते. स्तुती करायला माझी जीभ वळत नाही. पण खोटं बोलायलाही वळत नाही, म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बँकेतल्या एका पोरीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या मैत्रिणींनी बायकांची मेजवानी ठेवली होती, भांडीकुंडी द्यायची, नाचायचं, म्हाताऱ्यांनी दोन शब्द सांगायचे. तिथे ही मलामा आली, हातात कापडाचं काहीतरी घेऊन. गुलाबी कापड, आत कापूस भरलेला, खाली एक छोटं तोंड, रिबिनीनं शिवलेलं. "ही बाईची पिशवी," ती म्हणाली, "आणि हे पिशवीचं तोंड. इथे..." मी उठले. नवरीसमोर, कापसाची पिशवी! मी विचारलं, "पोरी, तुझ्या कमरेला मणी आहेत का?" ती म्हणाली, "नाहीत." "मग ज्या घरात तू पाऊल टाकलं नाहीस त्या घरातला कचरा काय काढतेस? बाहेर!" सगळ्याजणी हसल्या. तिनं ती पिशवी काखेला लावली, जशी कोंबडी धरतात, आणि निघून गेली. तिचा हात थरथरत नव्हता. हे मी तेव्हाच पाहिलं होतं, आणि ते पाहून मला जास्त राग आला होता. नंतर कळलं, ती गेली नव्हतीच. फाटकाबाहेर आंब्याखाली उभी राहिली, संध्याकाळपर्यंत, आणि बाहेर पडणाऱ्या एकेकीला थांबवून ती पिशवी दाखवत, दवाखान्याचा कागद देत राहिली. माझ्या नाचाचा ढोल आतून वाजत होता आणि माझ्याच शिष्या बाहेर जाऊन तिचं ऐकत होत्या. त्यातच सोलवेझीहून आलेली चोला होती. तिनं घेतलेला कागद दोन वर्षं बायबलात ठेवला होता. नवऱ्याच्या घरीसुद्धा, माझ्या भीतीनं, बायबलात.

दाराआड काहीतरी वाजलं. लोखंडाच्या ताटलीत लोखंड. माझ्या शेजारची, ती न्शिमाच्या गाठीवाली, माझा हात धरते आहे. माझा हात कुणी धरायचा नसतो. मी धरू दिला. आतून मलामाचा आवाज येतो, "श्वास सोडा, चोला. ढुंगण खाली. हां, तसं." ढुंगण! लग्नात हा शब्द मी गाण्यात घालते, आणि ही सरळ म्हणते. माझ्या मनात कासुबा येते. येणारच. बाजारात मलामा ती दोन वाक्यं बोलली तेव्हाच आली होती. "रक्त दिसतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, नाम्पुंडू. पांढरं दिसतं तेव्हा अजून वेळ असते." मी तिला आणखी विचारलं, कशानं होतं हे? म्हणाली, एक जंतू असतो, जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात कधी ना कधी येतो, बायकांच्या, पुरुषांच्या, बहुतेकांचा निघून जातो, एखादीत राहतो, आणि वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. "मग पाप कुणाचं?" मी विचारलं. "कुणाचंच नाही," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, जसं मीठ कमी आहे म्हणावं.

कासुबा माझी धाकटी बहीण. माझ्यापेक्षा देखणी, माझ्यापेक्षा मऊ. तिला नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसायला लागलं. आमच्यात याचा अर्थ एकच. दोघांतलं कुणीतरी बाहेर जाऊन आलंय. कासुबा जाणारी नव्हती. मग तो. मी नाचिम्बुसा, मी मोठी बहीण, मीच न्याय करायला बसले. तिच्या नवऱ्याला चटईवर बसवलं, चार म्हातारे, मी, आणि विचारलं, कुठे जातोस? तो म्हणाला, कुठे नाही. मी विचारलं, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. तो रडला. पुरुष रडला की मला चीड येते, मी म्हटलं, रडणं हेच कबूल करणं. त्याला हाकललं. कासुबाला मुळ्यांचा काढा दिला, मणी बदलले, काळ्या कोंबडीच्या पिसांची धुरी दिली. ती वाळत गेली. शेवटी तिला असा वास यायचा, की शेजारणी दारातून नमस्कार करून जायच्या. एकदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "ताई, ते कुठेच गेले नव्हते गं." मी म्हटलं, "गप पड." हेच म्हटलं मी. गप पड. ती गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. तो माणूस म्हणे आता मान्साला असतो, सुकी मासळी विकतो. माझ्याकडे कुणी मासळी मान्साची आहे म्हणून आणली की मी नाही घेत. घरच्यांना वाटतं मला वास आवडत नाही.

मलामा बाजारातून गेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली सोलवेझीची बस मी धरली. चोलाचा फोन लागत नव्हता; बादलीत पडून मेला होता, ते तिथे गेल्यावर कळलं. गुडघा दुखत होता, शेजारी एक पाद्री बसला होता, तो सारखा विचारी, "मायो, कुठे निघालात?" मी म्हटलं, "भांडण काढायला." खाणीच्या वस्तीत चोलाचं घर; दारात पोचले तर ती घरात नव्हती, चर्चच्या बायकांकडे गेली होती. घरात एकटा लोम्बे. जावई. मोठा ट्रक चालवतो खाणीत, घरभर माणूस, आणि मला बघताच भिंतीमागे झाला, जसं जावयानं व्हायचं असतं. मी पाठ फिरवून अंगणातल्या स्टुलावर बसले, जसं सासूनं बसायचं असतं. आमच्यात सासू-जावई एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, जेवत नाहीत, बोलत नाहीत. आणि मला त्याच्याशी जे बोलायचं होतं ते तर मी माझ्या मेलेल्या नवऱ्याशीसुद्धा कधी बोलले नव्हते. चोला कधी येईल ठाऊक नाही. संध्याकाळची बस चुकली तर उद्याचा शुक्रवार गेला. आणखी एक शुक्रवार. अंगणात एक ठिपक्यांची कोंबडी माती उकरत होती. मी तिला हाक मारली.

"ए कोंबडे," मी म्हटलं, "इकडे ऐक. चोलाच्या पिशवीच्या तोंडावर डाग दिसलाय. पांढरा. मी म्हटलं चांगला. मी चुकले." हे शेवटचं म्हणताना मला घाम फुटला. कोंबडी माती उकरत राहिली. मग भिंतीमागून आवाज आला, जाड, घाबरलेला. "कोंबडे, सासूबाईंना विचार, डाग म्हणजे कॅन्सर का?"

"अजून नाही म्हणावं. सोडला तर होईल. आता जाळला तर जाईल. मिनिटभराचं काम आहे म्हणते ती पोर."

"कोंबडे, विचार ना त्यांना, माझ्यामुळे झालं का? मी काही केलेलं नाही, देवाशपथ. मी कुठेच जात नाही."

तेच वाक्य. तोच पुरुषाचा फुटलेला आवाज. ऊन होतं, कोंबडीच्या पाठीवर ठिपके होते, आणि मी सोलवेझीत नव्हतेच, मी एकोणीस वर्षांपूर्वीच्या चटईसमोर बसले होते, आणि एक माणूस रडत होता, आणि माझ्या तोंडात न्याय तयार होता. मी तो गिळला. "कोंबडे," मी म्हटलं, "त्याला सांग. तू काही केलेलं नाहीस. कुणीच काही केलेलं नाही." ते वाक्य ज्याला सांगायला हवं होतं तो मान्साला मासळी विकतो. पण एकाला तरी वेळेवर मिळालं.

भिंतीमागे नाक शिंकरल्याचा आवाज झाला. मी पुढचं बोलायला गेले आणि जीभ अडली. मी, नाचिम्बुसा! "कोंबडे, नंतर सहा आठवडे..." पुढे येईना. सहा आठवडे काय, हे पुरुषाला सासूनं कुठल्या शब्दात सांगायचं? मग आपोआप तोंडातून गेलं, "सहा आठवडे लाल मणी." तो समजला. त्यालाही कुणीतरी शिकवलं असणार. "कोंबडे, सांग त्यांना," तो म्हणाला, "सहा म्हणाल्या तर सहा, दहा म्हणाल्या तर दहा. मला बायको हवी आहे." मग कोंबडीला म्हणाला, "आणि तुला हेही सांगतो. आज तुला कापणार होतो, आता नाही कापत. तुला फार गुपितं कळली आहेत." मला हसू आलं. सासूनं जावयाच्या बोलण्यावर हसायचं नसतं. मी चितेंगे तोंडावर ओढलं. तेवढ्यात फाटकातून चोला आली, बायबल छातीशी, आणि तिनं पाहिलं, की तिची आई अंगणात कोंबडीसमोर बसून तोंड झाकून हलते आहे. "मायो! काय झालं? ऊन लागलं का?" "लागलं," मी म्हटलं. "कपडे भर. मला सगळं कळलंय. आणि तू माझ्यापुढे पुन्हा अर्धं वाक्य बोललीस तर बघ." ती दारात बसली आणि रडली. सहा आठवड्यांचं, तीन शुक्रवारांचं, दोन वर्षांच्या बायबलातल्या कागदाचं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. तिचे केस विंचरले. आमच्यात ते चालतं.

दार उघडलं. चोला स्वतःच्या पायांनी बाहेर आली. चेहरा घामेजलेला, पण नेहमीचाच, मला भीती होती तसं काही नाही. "झालं?" मी विचारलं. "झालं. पोटात जरा दुखल्यासारखं, पाळीसारखं." आई आणि लेक, आणि बाकावरच्या सहाजणींसमोर पाळी हा शब्द. कुणी मेलं नाही. मलामा तिच्यामागून आली, हातमोजे काढत. "डाग लहान होता, नाम्पुंडू. पूर्ण निघाला. काही दिवस पाणी जाईल, घाबरायचं नाही. वर्षानं पुन्हा बघायचं." ती हे माझ्याकडे बघून बोलली, सगळ्या घरचा कारभार माझ्याकडे आहे अशा सुरात. तिला ठाऊक आहे कुठे बोलायचं. फाटकाबाहेर आंब्याखाली उभी राहून शिकलेली पोर आहे ती. चोलानं मूठ उघडली; आत ते पांढरे मणी होते, तपासायच्या आधी काढून ठेवलेले. "मायो, हे परत बांधू?" मी ते घेतले आणि पिशवीत टाकले. पिशवीतून लाल काढले. घरून निघतानाच घेतले होते. पडद्याआड नेलं तिला आणि बांधले, गाठ पक्की. "सहा आठवडे सुटायची नाही ही. आणि तुझा नवरा समजलाय, त्याला कोंबडीनं सांगितलंय." मलामा हे ऐकत होती. तिला कळेना. मी म्हटलं, "आमच्याकडे लाल म्हणजे थांब." ती पोर पहिल्यांदा हसली, पुढचे दोन दात जरा एकावर एक आहेत तिचे. "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "बायकांना मी सहा आठवडे सांगते आणि त्या मान हलवतात आणि दोन आठवड्यांत परत येतात रडत. लाल मणी." तिनं वही काढली आणि लिहून घेतलं. माझं बोलणं, दवाखान्याच्या वहीत. मी तिच्या अक्षराकडे बघत राहिले, वाचता येत नव्हतं तरी.

"बरं," ती म्हणाली, "आता तुम्ही."

"मी काय?"

"आत."

"अगं, माझं दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली," मी म्हटलं. न्शिमाच्या गाठीवाली फिसकन हसली. मलामा म्हणाली, "बंद दुकानातच उंदीर निवांत राहतात, नाम्पुंडू." या पोरीच्या तोंडाला लागू नये. माझीच जीभ तिला मिळालीय, कुठून ते देव जाणे. "तुमच्या वयाला व्हिनेगरनं नीट दिसत नाही. एक छोटा ब्रश फिरवायचा, नमुना पाठवायचा. महिन्यात कळेल." मी नाही म्हणणार होते. तोंडात तयारच होतं. मग मी बाकाकडे पाहिलं. सहाजणी माझ्याकडे बघत होत्या, ती लाजाळू तर डोळे विस्फारून, जशी त्या दिवा झाकलेल्या खोलीत बघत होती. नाम्पुंडू आता पाऊल कुठे टाकेल, आणि आपण कुठे टाकायचं. चाळीस वर्षं मी त्यांना असंच शिकवलंय. आधी मी करते, मग तू.

मी चितेंग्याच्या आत हात घातला. माझे मणी सैल झालेत, कंबर वाळली, पण गाठ तीच, नवऱ्याच्या मातीच्या दिवशीसुद्धा न सुटलेली. बोटांना ती सापडायला वेळ लागला. कुणी पाहिलेले नाहीत ते मणी, त्या एका माणसाशिवाय. मी ते काढले आणि चोलाच्या ओंजळीत ठेवले. गरम होते. चोलानं मूठ मिटली आणि खाली पाहिलं.

"नंतर पळून जाऊ नकोस," मी मलामाला म्हटलं. "बाहेर आले की तुझी कंबर मोजते. लग्न होवो न होवो. बिनमण्यांची बाई माझ्या नवऱ्यांपुढे, म्हणजे माझ्या नवरीपोरींपुढे, पुढच्या शनिवारच्या मेजवानीत उभी राहणार नाही. आणि ती गुलाबी पिशवी आण. तोंड नीट शीव तिचं, रिबीन निसटली होती." तिनं दार माझ्यासाठी उघडून धरलं.

आत व्हिनेगरचा वास, पांढरी चादर, खिडकीत कुंडी. टेबलापाशी तिनं वही उघडली. "नाव?"

"नाम्पुंडू," मी म्हटलं.

"ते नाही. वहीत खरं लागतं. तुम्ही पुन्हा आला नाहीत तर मी कुणाला शोधायचं?"

मी चपला काढल्या. फरशी गार होती. ते नाव कुठल्या गाठोड्यात होतं, बराच वेळ सापडेना. मग सापडलं, कासुबाच्या आवाजात, अंगणातून मोठ्यानं हाक मारल्यासारखं.

"चितालू," मी म्हटलं. आणि आडवी झाले.